भांड्याचे पाणी सोडावे

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडेच असे, आणि पुढे कारखान्यातसुद्धा सूचना लिहायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघत. त्या चांगल्या अक्षरात मी एकदा सहा शब्दांची एक सूचना लिहिली आणि तिच्यापायी एका भल्या माणसाचं काम गेलं. सूचना बरोबरच होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. आता सांगत नाही, कारण प्रश्न सूचनेचा नव्हताच.

नव्वदनंतरची गोष्ट. धुळ्याहून पारोळ्याकडे येणाऱ्या हायवेच्या कडेला मळीपासून स्पिरिट काढायचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. मी तिथे केमिस्ट होतो. स्पिरिट काढून झाल्यावर जे काळं, कढत, आंबट वासाचं पाणी उरतं, ते ओढ्यात सोडलं की गावं दगड घेऊन येतात. म्हणून ते एका मोठ्या बंद टाकीत घालून कुजवायचं. कुजताना त्यातून गॅस निघतो. शेणाच्या गोबरगॅससारखाच, फक्त प्रचंड. तो आम्ही बॉयलरला जाळत होतो, आणि या सगळ्या काळ्या पाण्याच्या खात्याचा मी साहेब होतो. माझ्या हाताखाली सात माणसं होती. लग्नात कुणी 'काय करता?' विचारलं की मी फक्त कारखान्याचं नाव सांगत असे, खात्याचं नाही.

हा गॅस मोठा नाठाळ. त्यात जळणारा भाग निम्म्याहून थोडा जास्त, बाकी सगळी भर. शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा एक विषारी वायू, जो लोखंड खातो, पितळ खातो आणि माणसाचं डोकं दुखवतो. जाळ पिवळा, फडफडणारा. बॉयलरच्या नळ्या दर वर्षी बदलाव्या लागत.

तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून एक पाहुणे आले. डॉक्टरेट केलेले, पन्नाशीचे, गोड बोलणारे, आणि काहीही झालं तरी 'काही हरकत नाही' म्हणणारे. त्यांच्याकडे परदेशातून आणलेली एक नळी होती, हातभर लांब, मनगटापेक्षा जाड. तिच्या पोटात शेवयांसारख्या हजारो पोकळ तंतूंचा जुडगा. दाब देऊन गॅस तिच्यातून नेला की नको असलेला वायू तंतूंच्या भिंतींमधून बाहेर झिरपतो आणि जळणारा गॅस सरळ पुढे निघतो. पाहुणे त्याला मेम्ब्रेन म्हणत. मी मराठीत पडदा म्हटलं. मला मराठी शब्द करायची हौस होती. माझ्या माणसांनी नळीभोवती गोळा होऊन ती चहूबाजूंनी पाहिली आणि नाना म्हणाले, "पडदा कोठे शे? हाऊ तं पाईप शे."

सगळे हसले. मी हसलो नाही.

नाना म्हणजे माझ्या खात्यातले सगळ्यात जुने. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, कानात भिकबाळीचं नुसतं भोक. मूळचे तापीकाठच्या एका गावचे. लहानपणापासून दुसऱ्यांच्या केळीत राबलेले, मग बायकोच्या माहेराकडे म्हणून इकडे आलेले. कारखान्यात आठ वर्षं होते आणि आठही वर्षं टेंपररी. तुटक अक्षरं लावून मराठी वाचत. बोलत मात्र फक्त अहिराणी. मॅनेजर मुंबईचे होते, त्यांच्याशीही अहिराणीच. मॅनेजरना निम्मं कळत असे, उरलेलं ते अंदाजाने घेत, आणि दोघांचं बरं चाले.

आता माझं सांगतो. मी पारोळ्याचा. कारखान्यापासून एस.टी.ने तासाभराच्या आत. माझी आई तिथेच एकटी राहत होती. घरात जन्मापासून अहिराणीखेरीज दुसरं काही कानावर पडलेलं नाही. मी पहिला शब्द बोललो तोसुद्धा अहिराणीच असणार. पण पुण्याला कॉलेजात गेलो आणि होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात जेवायला बसताना म्हणालो, "माले भूक लागेल शे." पुढची चार वर्षं माझं नाव 'शे' पडलं. 'ए शे, इकडे ये.' 'शे आला का रे?' मुलं वाईट नव्हती, थट्टा करत होती. पण मी मनाला लावून घेतलं. आरशासमोर बसून 'आहे' म्हणायला शिकलो, 'ळ' घोटला, 'मला' घोटलं. चौथ्या वर्षी एका नव्या मुलाने मला विचारलं, तुम्ही सदाशिव पेठेतले का? त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. हे लिहिताना आता कान तापतात.

कारखान्यात रुजू झालो त्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "शिक्षण पुण्याचं, बोलणं पुण्याचं, म्हणजे तुम्ही पुण्याचेच." मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही, फक्त हसलो, आणि ते हसणं तीन वर्षं पुरलं. माणसं माझ्यासमोर अहिराणीत बोलत, एकमेकांच्या बायकांच्या तक्रारी करत, माझ्या चालण्याची नक्कलही करत, आणि मी समजत नसल्याचा चेहरा करून बसे. कुणी काही विचारलं की "नीट सांगा" म्हणे. आईला कारखाना बघायचा होता. तिला मी दर खेपेला काहीतरी सांगून टाळत होतो. ती गेटवर आली असती आणि वॉचमनला आपल्या मुलाबद्दल म्हणाली असती, 'मना आंडोर आठे साहेब शे,' की माझी तीन वर्षं धुऊन निघाली असती.

तर पडदा. पडद्याला दोन शत्रू. एक तो सडक्या वासाचा वायू आणि दुसरं पाणी. वायूसाठी आम्ही एक टाकी केली, तिच्यात लेथवरचा लोखंडाचा कीस गंजवून भरला. गॅस त्या गंजातून गेला की वास तिथेच राहतो. पण गंज ओला ठेवावा लागतो, कोरडा पडला की काम करत नाही. म्हणून दर पाळीला त्या टाकीत वरून थोडं पाणी सोडायचं. हे काम नानांचं. सगळे तिला गंजाची टाकी म्हणत.

गंज कधी संपत आला हे कळायला पाहुण्यांकडे काचेच्या नळ्या होत्या, महागड्या, मोजून आणलेल्या. नानांनी टाकीच्या तोंडाशी तांब्याची एक तार टांगून ठेवली होती. तार लाल आहे तोवर गंज चांगला, काळी पडायला लागली की गंज बदला. पाहुण्यांनी ती तार पाहिली, काचेच्या नळीशी ताडून पाहिली, आणि खूश होऊन मला विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, "आम्ही इथे असंच करतो." आम्ही. नाना चार हातांवर उभे होते. त्यांना 'आम्ही' या शब्दात आपण आहोत असंच वाटलं असणार, कारण ते मान डोलवत होते.

पाण्याचं मात्र उलटं. दाब दिला की गॅसमधली वाफ थंड होऊन पाणी होते. ते पडद्यात जाता कामा नये. म्हणून पडद्याच्या आधी एक उभं भांडं बसवलं होतं, पाणी त्यात साठे. भांड्याला खाली एक कॉक होता, त्यातून साठलेलं पाणी बाहेर काढायचं. वरही एक कॉक होता, त्याला पाण्याची लाइन जोडलेली. महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र बंद करून भांडं आतून धुवायचं असेल तर त्यासाठी. पहिले पंधरा दिवस पडद्याच्या खोलीत मी आणि पाहुणे दोघंच जात होतो. बाकी कुणाला मज्जाव, कारण नळी नाजूक आणि पाहुणे तिला फार जपणारे.

सोळाव्या दिवशी गॅस पेटवून पाहिला. निळा, सरळ, आवाज न करता जळणारा जाळ. मी इतक्या वर्षांत त्या गॅसचा तसा जाळ पाहिला नव्हता. नाना खाली बसून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आते कशी गुमान पेटनी." वांड जनावर वळणावर आल्यावर माणूस बोलतो, त्या आवाजात.

मॅनेजर आले, त्यांनी पाहिलं, आणि तिथेच म्हणाले की पडदा तीन महिने नीट चालला तर या खोलीला कायमचा ऑपरेटर लागेल. नानांकडे बघून म्हणाले, "दिवाळीला तुम्हाला कायम करू. साहेबांनी शिफारस दिली की झालं." दोन दिवसांनी कळलं की नानांनी खाकी कापड घेऊन शिंप्याकडे माप दिलं. कायम माणसांना कारखान्याकडून खाकी मिळे, टेंपररींना नाही. त्यांना तेवढाही धीर निघाला नाही. शर्ट शिवून आला, तो घडी करून घरी ट्रंकेत ठेवला आणि दिवाळीची वाट बघू लागले. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, स्वतःवरच हसत.

आता खोली नानांच्या हाती द्यायची म्हणून पाहुण्यांनी इंग्रजीत सूचना लिहून दिल्या आणि मी त्यांचं मराठी केलं. चांगल्या अक्षरात, काळ्या शाईने, पुठ्ठ्यावर. पहिलीच सूचना होती, 'यंत्र सुरू करण्यापूर्वी भांड्याचे पाणी सोडावे.' म्हणजे भांड्यात साठलेलं पाणी बाहेर सोडावं. मला वाटलं, किती सुटसुटीत मराठी आहे.

आणि केळीच्या मुलखात 'पाणी सोडणे' म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माझ्या मामांची केळी होती. "केळीचं पाणी सोडलं का?" असं मामा ओरडून विचारायचे, तेव्हा ते केळीच्या बुडातलं पाणी बाहेर काढलं का असं विचारत नसत. केळीच्या वाट्याचं पाणी तिला दिलं का, असं विचारत. पाणी सोडायचं ते आत. वाफ्यात. आणि त्याच शेडमध्ये, दहा पावलांवर, गंजाच्या टाकीतही पाणी सोडायचं ते आतच.

खोली सोपवायच्या दिवशी आम्ही तिघं भांड्यासमोर उभे होतो. मी, पाहुणे आणि नाना. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होते. आदल्या संध्याकाळीच ते मला म्हणाले होते की पुण्यात त्यांच्याकडे एक जागा निघतेय आणि त्यांच्या डोळ्यासमोर मीच आहे. मी हवेत होतो. नानांनी पुठ्ठा वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक अक्षर. मग भांड्याच्या वरच्या कॉककडे पाहिलं, खालच्या कॉककडे पाहिलं, आणि मला विचारलं, "साहेब, त्या गंजना टाकीमा आपन पानी मझार सोडतस. या भांडानं बी मझारच सोडानं, का भाईर?"

प्रश्न याहून नेमका असूच शकत नाही. आत की बाहेर, एवढंच. मला शब्द न् शब्द समजला. नुसते शब्दच नाही, ते का विचारताहेत तेही समजलं. क्षणभर मामांची केळी डोळ्यासमोर आली आणि आपण लिहिलंय ते दोन्हीकडे वाचता येतं, हेही समजलं. तोंडाशी उत्तर आलंसुद्धा. ते अहिराणीत आलं. 'भाईर, नाना.'

तेवढ्यात पाहुणे हसून म्हणाले, "काय गोड बोलतात हो हे. गुजराती का?"

आणि मी म्हणालो, "असेल तसलंच काहीतरी. मलाही नीट कळत नाही."

मग नानांकडे वळून, शक्य तितक्या शुद्ध मराठीत, "कागदावर लिहिलंय तसं करा. अगदी तसंच." नाना "बरं" म्हणाले. पुठ्ठा खिळ्याला अडकवला. पाहुणे आणि मी चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी नानांची. त्यांनी यंत्र सुरू करण्यापूर्वी भांड्याचं पाणी सोडलं. वरचा कॉक उघडून, भांडं भरेपर्यंत, केळीच्या आळ्यात सोडावं तसं मन लावून. मग कॉक नीट बंद केला, पुन्हा एकदा सूचना वाचली आणि दाबाचं यंत्र चालू केलं. मी क्वार्टरमधून निघून गेटपाशी पोचलो होतो तेव्हा ठक ठक असा आवाज ऐकू आला. धावत गेलो. जिथून फक्त हवेसारखा वायू यायचा, त्या तोंडातून तांबडं पाणी उडत होतं. नाना यंत्र बंद करून भिंतीला टेकून उभे होते, हातात पुठ्ठा धरून.

पाहुण्यांची जीप अजून निघालेली नव्हती. त्यांनी नळी उघडली. आतले तंतू एकमेकांना चिकटून लगदा झाले होते, शेवया पातेल्याला लागतात तसे. जिथे ते डिंकाने बसवलेले होते तिथून दाबाने तुटले होते. दुसरी नळी नव्हती. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली आणि मला वाटलं, आता 'काही हरकत नाही' म्हणतील. म्हणाले नाहीत.

मॅनेजरच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. म्हणजे तिघं बसलो, नाना उभे. मॅनेजरनी पुठ्ठा वाचला, पाहुण्यांना दाखवला. दोघंही शहरातले. त्यांना सूचना स्पष्ट वाटली. भांड्याचे पाणी सोडावे, यात न कळण्यासारखं काय आहे? मॅनेजर नानांना रागावून म्हणाले, "शंका होती तर विचारायचं नाही का? माणसं होती ना तिथे?"

नाना म्हणाले, "इचारं व्हतं साहेब."

"कुणाला?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बोट नाही दाखवलं. मॅनेजर माझ्याकडे वळले. पाहुणेही. मला अजून ती टेबलावरची काच आठवते, तिच्याखाली ठेवलेलं कॅलेंडर आठवतं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

"ते काहीतरी बोलले होते," मी म्हणालो. "पण मला त्यांची भाषा समजत नाही."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं आहे. भ्यालो होतो, हे खरं. पुण्याची जागा डोळ्यासमोर होती, हेही खरं. पण खरी गोष्ट ही की त्या घटकेला मला नानांचं काम जाण्याची जेवढी भीती वाटली, त्यापेक्षा मी अहिराणी बोलणारा आहे हे कळण्याची जास्त वाटली. माझी लाज इतकी स्वस्त होती.

नाना चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मान हलवली आणि मॅनेजरना म्हणाले, "खरं शे साहेबसनं. त्यासले आपली बोली समजस नही. मीच शुद्ध बोलाले पाहिजे व्हतं. चूक मनी शे."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. उपकार म्हणून नाही, टोमणा म्हणून नाही. तीन वर्षं मी जे सोंग केलं, त्यावर त्यांचा पुरा विश्वास होता.

मॅनेजरनी शिफारशीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. नानांना पडद्याच्या खोलीतून काढून गाळाच्या वाफ्यांवर घातलं. टाकीच्या तळाचा काळा गाळ उन्हात वाळवायचा आणि फावड्याने ओढायचा, हे तिथलं काम. दिवाळी आली, दुसरे दोघं कायम झाले.

मी रोज वाफ्यांवरून जात असे. पहिल्या दिवशी वाटलं, आज सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या. आणि नानांनी काय करावं? ते माझ्याशी शुद्ध बोलायला लागले. दुसऱ्या एका कामगाराचा मुलगा कॉलेजात होता, त्याला विचारून विचारून शब्द पाठ करत. मी दिसलो की फावडं टेकवून उभे राहत आणि म्हणत, "साहेब, गाळ वाळला आहे. बाहेर टाकू का?" 'ळ'वर जीभ अडखळे, मग पुन्हा म्हणत, "गाळ." मी "हो, टाका" म्हणे आणि चालू लागे. आरशासमोर बसून 'ळ' घोटणारा मी, आणि माझ्यासाठी गाळात उभं राहून 'ळ' घोटणारे ते. मला पळून जावंसं वाटे. एकदा म्हणाले, "साहेब, आता आपणास माझे समजते ना?" मी म्हणालो, "समजतं." तेवढं एक उत्तर मी त्यांना खरं दिलं.

मार्चमध्ये ते काम सोडून गेले. टेंपररी माणूस गेला की त्याला निरोप वगैरे नसतो. हजेरीच्या पाटीवरून नाव पुसतात. मला पुण्याची जागा मिळाली नाही. पाहुण्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. म्हणजे ज्यासाठी केलं तेही हाती लागलं नाही, आणि याचं मला वाईट वाटत नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरताना मी पारोळ्याला आईकडे जाऊन परत निघालो होतो. आई स्टँडवर सोडायला आली होती. धुळ्याची गाडी उभी होती, शेजारी उलट दिशेची, जळगावकडे जाणारी. आईने पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाकर अन् ठेचा ठेयेल शे. बसमा खाई लेजो."

"व्हई माय, खाई लेसु," मी म्हणालो. "तू आते घर जाय. ऊन व्हई गयं."

हे मी मोठ्याने म्हणालो. पारोळ्याच्या स्टँडवर कुणाची भीती? आणि वळून पाहिलं तर नळावर बाटली भरायला उतरलेले नाना, हातभर अंतरावर. अंगात खाकी शर्ट. तोच असणार. त्यावर छातीपासून खालपर्यंत काळे डाग होते. केळीच्या चिकाचे डाग, जे कितीही धुतले तरी जात नाहीत.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चेहऱ्यावर उमटायला वेळ लागला. आधी नुसतं आश्चर्य. मग ते आईकडे बघू लागले, माझ्याकडे बघू लागले, पुन्हा आईकडे. बाटली भरून वाहत होती. त्यांनी नळ बंद केला.

"नमस्कार साहेब," ते म्हणाले. "बरे आहात?"

"नाना, तुम्ही आठे कसा?" मी म्हणालो. अहिराणीत. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि कुठेतरी मला वाटलं की अहिराणीत बोललो तर ते थोडं तरी माफ करतील. "आते काय करतस?"

"नशिराबादकडे असतो," ते म्हणाले. सावकाश, एकही शब्द न चुकता. "एका बागेत आहे. केळीला पाणी सोडतो."

'केळीला' म्हणताना त्यांचा 'ळ' अडखळला नाही.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही त्या दिन इचारं व्हतं ना, मझार का भाईर. माले समजनं व्हतं." एवढं म्हणायला मला वर्षभर लागलं होतं, आणि तेही पकडला गेल्यावर.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "हो," ते म्हणाले. "आता समजले." आणि मग, पाहुण्यांकडून ऐकलेलं असेल किंवा आपसूक आलं असेल, "काही हरकत नाही, साहेब."

त्यांच्या गाडीच्या कंडक्टरने घंटी मारली. ते आईला वाकून नमस्कार करून गेले. गाडी हायवेला लागेपर्यंत आई तिकडे बघत होती. तिला माणसांची फार हौस, कुणी दोन शब्द नीट बोललं की तिला त्याचं घरदार विचारायचं असतं.

"कोन व्हता रे?" तिने विचारलं. "कपडा आपला भागना, अन् बोलनं तं पुनानं. पुनाना शे का?"

उत्तर अहिराणीत द्यायचं होतं, माझ्या आईला, माझ्या गावाच्या स्टँडवर. 'नही माय, आपलाच शे' एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं, आपला शे तं तुन्हासंगे असा काबरं बोलना?

"व्हई," मी म्हणालो, आणि गाडीत चढलो.